दुर्बिणीचा पहिला तारा

एकदा एका उजाड, उंच पठारावर एक भव्य दुर्बीण उभी राहिली. हर्षदा नावाच्या खगोलशास्त्रज्ञ विदुषीने दहा वर्षे तिच्या उभारणीत जीव ओतला होता. दुर्बीण आज प्रथमच आकाशाकडे वळणार होती, आणि पहिला तारा निवडण्याचा मान हर्षदाने आपल्या वृद्ध गुरूंना दिला होता.

अंधार पडला. निमंत्रित मंडळी मोठ्या पडद्यासमोर येऊन बसली. एखादी देखणी दीर्घिका पाहायला मिळणार, अशी सर्वांची अपेक्षा होती. गुरू काठी टेकत आले आणि त्यांनी खिशातली एक चिठ्ठी शिष्येच्या हाती दिली.

तिच्यावरचे ताऱ्याच्या स्थानाचे आकडे वाचताच हर्षदाने चिठ्ठी मिटली. हा तोच मंद तारा होता, ज्याच्या अभ्यासात गुरूंची उमेदीची वर्षे गेली होती. तो एकटा आहे, असे त्यांनी आपल्या ग्रंथात ठामपणे लिहिले होते. वीस वर्षांपूर्वी भर वर्गात हर्षदा म्हणाली होती, "सर, मला हा जोडतारा वाटतो." "हवा थरथरते आहे, दुसरं काही नाही. खाली बस," एवढे बोलून त्यांनी तो विषय संपवला होता. तिनेही तो पुन्हा काढला नाही. पण आज पडद्यावर काय दिसण्याची शक्यता आहे, हे ती पुरते ओळखून होती.

ती हलक्या आवाजात म्हणाली, "सर, हा नको. निदान आज सगळ्यांसमोर तरी नको. मी मागाहून एकटीच बघेन."

"हाच हवा," गुरू म्हणाले, "आणि सगळ्यांसमोरच हवा."

नाइलाजाने तिने दुर्बीण वळवली. पडद्यावर प्रकाशाचे दोन ठिपके उमटले. अगदी जवळजवळ, पण मध्ये काळोखाची स्वच्छ फट. हर्षदाला मान वर करवेना.

गुरू मंडळींकडे वळले. "हा तारा एकटा आहे, असं मी लिहून ठेवलं. तो जोडतारा आहे, असं हिनं विद्यार्थिनी असताना सांगितलं होतं. हिचं बरोबर होतं."

पाहुणे पांगल्यावर दोघे बाहेरच्या पायऱ्यांवर बसले. हर्षदाचे डोळे भरून आले होते. "कशाला केलंत असं, सर? चार ओळींची दुरुस्ती छापली असती तरी चाललं असतं."

गुरूंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बाळ, तुला गप्प केलं ते चारचौघांत. मग कबुली कोपऱ्यात कशी देऊ? माझ्याजवळ जी दुर्बीण होती, तिनं जेवढं दिसलं तेवढं मी प्रामाणिकपणे लिहिलं. त्याची मला लाज नाही. तुझं ऐकून घेतलं नाही, ती बोच मात्र वीस वर्षं होती. आज ती गेली."

हर्षदाने डोळे पुसले आणि गुरूंना उठायला हात दिला.

पुढच्या आठवड्यात तिच्या हाताखालचा एक अभियंता अडखळत म्हणाला, "मॅडम, तुमच्या आकडेमोडीत मला एक चूक वाटते." त्याला उडवून लावणारे उत्तर तिच्या ओठांवर आले होते. तिने ते गिळले, शेजारची खुर्ची ओढली आणि म्हणाली, "बस. दाखव बघू."

चूक खरोखर होती की नव्हती, हे ठरायला दोन दिवस लागले. ऐकून घेणे मात्र त्याच क्षणी झाले होते.