तागीचा हिसका

पानांनाही वाचा होती, त्या काळची ही गोष्ट. भाताच्या एका पानात असंख्य खोल्या होत्या आणि त्यांतल्या एकीत तागी नावाची दोरी राबत होती. भिंतीला कुठे धक्का बसला, की तागी आणि तिच्या बहिणी तिकडे लिंपण ओढून नेत.

एकदा करपा रोग पानावर उतरला आणि त्याने बाहेरून भिंतीला पहार लावली. बहिणी लिंपण ओढू लागल्या. तेव्हा करप्याने आपला गोडबोल्या हस्तक फटीतून आत पाठवला. तो खोलीच्या कारभाऱ्याला म्हणाला, "भिंत हादरतेय ती या दोऱ्यांच्या ओढाताणीने. त्या कापा, म्हणजे शांतता होईल."

कारभाऱ्याने मान डोलावली. तागी संतापून म्हणाली, "अहो कारभारी, पहार बाहेरून चालतेय आणि तुम्ही आम्हाला कापता? डोळे फुटले का तुमचे?"

"फार तोंड सुटलंय तुला," कारभारी गुरगुरला.

हस्तकाने एकेक बहीण कापली. एकटी तागी उरली. लिंपण जागीच पडून राहिलं, भिंत फुटली आणि करपा हसत आत शिरला. कारभारी त्याच्यापुढे हात जोडून उभा राहिला, तेव्हा तागीच्या अंगाची लाही लाही झाली. खोलीच्या मधोमध जहाल पाण्याची घागर होती. तिला विळखा घालून तागी ओरडली, "माझ्या बहिणींना मारून इथे जेवायला बसतोस?" आणि तिने जिवाच्या आकांताने हिसका दिला. घागर फुटली आणि त्या पाण्यात करपा, हस्तक, कारभारी आणि तागी सगळेच संपले.

पानावर त्या खोलीच्या जागी तपकिरी ठिपका तेवढा उरला. शेजारच्या खोलीतला कारभारी म्हणाला, "बरं झालं, गोंगाट थांबला." त्याच्या दोऱ्यांनी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. पुढची पहार लागायच्या आत त्या दात-ओठ खात भिंतीकडे लिंपण ओढू लागल्या.