कबड्डीचा गुणफलक आणि सुकन्याचे पॉइंटर

एका गावाला कबड्डीचं फार वेड होतं. सुगी आटोपली की गावाबाहेरच्या माळावर सामने भरत आणि आसपासची गावं बघायला लोटत. त्या गावात सुकन्या भोईटे नावाची मुलगी राहायची. तालुक्याच्या तंत्रनिकेतनात ती संगणक शिकत होती. यंदा तिने सामन्यांसाठी विजेचा गुणफलक करायचं कबूल केलं. दिवे जोडले इरफान मुलाणीने; तो गावात वायरिंगची कामं करी. फलक चालवणारा प्रोग्रॅम सुकन्या सी भाषेत लिहिणार होती.

सी भाषेत पॉइंटर असतात. त्यांची व्याख्या सुकन्याला तोंडपाठ होती: संगणकाच्या मेमरीतल्या जागेचा पत्ता ज्यात ठेवतात तो पॉइंटर. परीक्षेत तिला पैकीच्या पैकी मार्क पडले होते. पण पत्ता ठेवून करायचं काय, हे तिला कधी उमगलं नव्हतं. पॉइंटरसाठी जी चांदणीची खूण लागते, ती सुकन्या अंदाजाने देई. प्रोग्रॅम अडला की एखादी चांदणी काढून बघे, नाहीतर घालून बघे.

"आता कसा काय चालला?" इरफानने एकदा विचारलं.

"चालला ना? मग झालं तर," ती म्हणाली.

अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी गावातल्याच दोन संघांत सराव ठेवला. फलकावर 'गाव' आणि 'पाहुणे' अशा दोन नावांखाली गुण दिसत. इरफानकडे गुण देण्याची दोन बटणं होती, एक मैदानाच्या डाव्या बाजूसाठी, एक उजव्या. परगावचे खेळाडू ओळखू येत नाहीत, बाजू मात्र लांबूनही दिसते, म्हणून ही सोय.

मध्यंतरापर्यंत सगळं छान चाललं. मग संघांनी बाजू बदलल्या. इरफानने बाजू बदलायचं तिसरं बटण दाबलं. खेळ सुरू झाला, पाहुण्यांच्या बाजूने खेळणाऱ्या यशवंताने एक गडी टिपला आणि गुण पडला गावाच्या नावावर.

पोरं खो खो हसली. "ताई, असाच राहू दे उद्या," कुणीतरी ओरडलं.

सामने भरवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष वसंततात्या मात्र हसले नाहीत. "सुकन्या, पाहुण्यांना बोलावून त्यांचे गुण आपण खायचे? सकाळपर्यंत नीट झाला तर ठीक. नाहीतर खडूफळा आहेच आपला."

तात्या गेल्यावर इरफान हळूच म्हणाला, "सोपं आहे. मध्यंतरानंतर मी उलटी बटणं दाबतो. कुणाला कळायचं नाही."

सुकन्याला ते पटकन पटलं. ती हो म्हणणारच होती. मग तिने फलकाकडे पाहिलं आणि मान हलवली. "कुणाला कळायचं नाही हे खरं. पण इरफान, मलासुद्धा कळलेलं नाही. मी नुसत्या चांदण्या टाकत आलेय."

"मग बघू या की काय होतंय ते," इरफान म्हणाला. "तुझ्या मशीनच्या पोटात काय आहे ते इथे मांड."

मैदान आखायची फक्की तिथेच होती. सुकन्याने मातीत चार मोठे चौकोन काढले आणि प्रत्येकाला आकडा दिला. पहिल्या चौकोनात गावाच्या गुणांची पाटी, दुसऱ्यात पाहुण्यांच्या. तिसरा चौकोन डाव्या बटणाचा, चौथा उजव्याचा. या दोन्हींत गुण नव्हते. तिसऱ्यात चिठ्ठी होती, 'एक'. चौथ्यात चिठ्ठी होती, 'दोन'.

"डावं बटण," ती म्हणाली. इरफानने तिसऱ्यातली चिठ्ठी वाचली, पहिल्या चौकोनाकडे गेला आणि पाटीवर एक गुण वाढवला.

सुकन्या थबकली. "चांदणी म्हणजे हेच. चिठ्ठी वाच आणि त्या पत्त्यावर जा."

आता बाजू बदलायची होती. ते काम तिने यशवंताला दिलं. प्रोग्रॅममध्ये लिहिलं होतं तसंच तिने केलं: दोन्ही चिठ्ठ्यांवरचा मजकूर नव्या कागदांवर उतरवून ते त्याच्या हातात ठेवले. यशवंताने या हातातला कागद त्या हातात घेतला, त्या हातातला या हातात. "झालं काम," म्हणत त्याने दोन्ही कागद चुरगाळून टाकले आणि तो पाणी प्यायला निघून गेला.

चौकोनांतल्या चिठ्ठ्या होत्या तशाच पडून होत्या.

सुकन्याला इतकं हसू फुटलं की ती खालीच बसली. "मी त्याला नक्कल दिली. बिचाऱ्याने नकलांचीच अदलाबदल केली."

"मग त्याला काय द्यायला हवं?"

"चिठ्ठ्या कुठे आहेत ते. 'तीन' आणि 'चार'. म्हणजे तो तिथे जाईल आणि खऱ्या चिठ्ठ्या बदलेल."

यशवंताला परत बोलावलं. या वेळी तो तिसऱ्या चौकोनात गेला, चौथ्यात गेला, खऱ्या चिठ्ठ्या बदलून आला. इरफानने डावं बटण दाबल्याचा आव आणला, चिठ्ठी वाचली आणि थेट पाहुण्यांच्या पाटीपाशी पोचला. सगळे खेळाडू टाळ्या पिटू लागले. मग प्रत्येकालाच एकेकदा बटण व्हायचं होतं. अंधार पडेपर्यंत माळावर तोच खेळ रंगला.

घरी जाऊन सुकन्याने प्रोग्रॅम सुधारला. एकही चांदणी अंदाजाने दिली नाही.

दुसऱ्या दिवशी माळ माणसांनी फुलला. मध्यंतर झालं, बाजू बदलल्या, आणि फलक ज्याचे गुण त्यालाच देत राहिला. शेवटच्या चढाईला दोन्ही संघ बरोबरीत होते. पाहुण्यांचा चढाईपटू गड्याला शिवून निसटला. इरफानने बटण दाबलं. पाहुण्यांचा आकडा एकाने वर गेला, आणि यजमान गाव हरलं.

पहिली टाळी वसंततात्यांनी वाजवली आणि मागोमाग सगळ्या गावाने. पाहुण्यांचा कर्णधार ढाल घेऊन सरळ सुकन्यापाशी आला. "हरतानासुद्धा खरं दाखवणारा फलक पहिल्यांदा पाहिला. आमच्या गावाला करून द्याल?"

"देईन की," सुकन्या म्हणाली. "आणि तो कसा चालतो तेही सांगेन."

तात्पर्य: काम कसंबसं चाललं म्हणून ते समजलं असं मानू नये, जिथे खरी वस्तू आहे तिथपर्यंत जाऊन पाहावं, म्हणजे चूकही सापडते आणि आनंदही मिळतो.