सड्यावरचं मास्तरांचं रिंगण

कोंडसड्याची कातळशिल्पं बघायला येणारी मंडळी हत्ती बघतात, मासा बघतात, आणि परतताना शाळेच्या गडग्यापलीकडे, दगडी कुंपणाबाहेर, गोल मांडलेले जांभ्याचे चिरे दिसले की थबकतात. हे रिंगणही त्याच जुन्या लोकांचं का, असं विचारतात. नाही, मंडळी. त्या मानानं हे चिरे कालचेच. हत्ती कोणी कोरला ते गावात कोणालाच ठाऊक नाही. चिरे कसे आले ते मात्र घराघरात सांगतात. याला मास्तरांचं रिंगण म्हणतात. त्यातला पहिला चिरा मात्र एका बाईंनी आणला.

त्या काळी या उघड्या कातळी सड्यावर ही एकच शाळा होती. गावचे बागायतदार भाईसाहेब, त्यांनी स्वतःच्या जमिनीवर ती बांधली. त्याआधी पोरांना शिकायचं तर खाडी ओलांडून जावं लागे. त्यामुळे गाव भाईसाहेबांचं नाव अजून आदरानं घेतं. पण शाळा म्हणजे त्यांना आपलं घर वाटे आणि मास्तर म्हणजे घरची गडीमाणसं. आंब्याच्या हंगामात रविवारी मास्तरांनी त्यांच्या बागेत पेट्या भरायला जायचं, घरात कार्य निघालं की पंगतीत वाढायचं. कोणाचं काही खटकलं तर शिपाई निरोप आणायचा, "उद्यापासून येऊ नका." कारण विचारायची सोय नव्हती.

चित्रकलेचे मिरगळ सर एका रविवारी बागेत गेले नाहीत. त्यांची बायको बाळंतपणात अडली होती. सोमवारी ते डबा घेऊन शाळेत आले, तर शिक्षकांच्या खोलीतली त्यांची खुर्ची काढून नेलेली. ते दारातच उभे राहिले. आत बसलेल्यांपैकी कोणी मान वर करेना. शेवटी, "बरं, येतो," असं म्हणून ते आल्या वाटेनं परत गेले.

मान खाली घातलेल्यांत सिंधू गुरवही होत्या. त्या मराठी शिकवायच्या. आवाज इतका मऊ, की मागच्या बाकांवरची पोरं नेहमी "बाई, मोठ्यानं!" म्हणून ओरडायची. नवरा लवकर गेलेला, घरी म्हातारी सासू, तिला बाईंच्या नोकरीशिवाय आधार नाही. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला, आणि न खाताच परत बंद केला, असं सांगतात.

मधल्या सुट्टीत त्या उठून उभ्या राहिल्या.

"आपण मास्तरांची समिती करू या," त्या म्हणाल्या. "शिक्षक संघटनेचे लोक मागं येऊन सांगून गेले होते ना? शाळेत समिती असली, तर एकट्याला असं दारातून परत जावं लागत नाही."

गणिताचे पाष्टे सर सगळ्यांत जुने. ते इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले, "बाई, इथं नको हा विषय."

"मग कुठं, सर?"

पाष्टे सर उठून बाहेर गेले. शाळा सुटायच्या आत भाईसाहेबांचा हुकूम आला. माझ्या छपराखाली सभा नाही, माझ्या जमिनीवरही नाही. ही बातमी पाष्टे सरांनीच पोचवली, हे सगळ्यांना कळून चुकलं.

भाईसाहेबांची जमीन गडग्यापर्यंत. पलीकडचा सडा गावाचा. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर गुरवबाई चिरेखाणीकडे गेल्या आणि एक चिरा मागून घेतला. गुरं राखणारी एक म्हातारी तिथं होती. ती म्हणाली, "बाय, निदान चुंबळ तरी घे गो डोक्यावर." बाईंनी पदराची चुंबळ केली, चिरा डोक्यावर घेतला, आणि शाळेच्या अगदी समोर, पण गडग्याच्या बाहेर, आणून ठेवला. मग ग्रामदेवीच्या देवळाकडे तोंड करून त्यांनी शब्द दिला, की मिरगळ सर परत येईपर्यंत आणि समिती होईपर्यंत शाळेतल्या खुर्चीला मी शिवणार नाही. बसेन ती इथंच.

चैत्राचे दिवस. सड्यावर झाड नाही, झुडूप नाही, कातळ तव्यासारखा तापलेला. बाई दिवसभर उभ्यानं शिकवत आणि शाळा सुटली की त्या चिऱ्यावर एकट्याच जाऊन बसत. पाय सुजले. सासू रात्री तेल लावून देई आणि म्हणे, "कोणी येत नाही तर कशाला बसतेस?" बाईंनाही रोज तेच वाटे. घरी जावं, विषय संपवावा. पण दारात उभे राहिलेले मिरगळ सर काही डोळ्यांपुढून हलत नसत.

मग एका संध्याकाळी भूगोलाच्या तांबेबाई आल्या. त्यांनी आपला चिरा सायकलला बांधून आणला होता. त्यांच्यामागून कवायतीचे सर आले. पुढं रोज एखादा येत गेला, जो येई तो स्वतःचा चिरा घेऊन येई, आणि चिरे गोल मांडले गेले.

एक दिवस बाईंनी आणखी एक चिरा वाहून आणला आणि आपल्या शेजारी ठेवला.

"हा कोणाचा?" तांबेबाईंनी विचारलं.

"पाष्टे सरांचा."

रिंगणात गलका झाला. ज्यानं चहाडी केली त्याला इथं जागा? कवायतीचे सर तर उठून चालायलाच लागले.

"थांबा," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा गडग्यापर्यंत ऐकू गेला, असं म्हणतात. "आपण समिती कशाला करतोय? भीती वाटते म्हणूनच ना? मग जो सगळ्यांत जास्त भितो, त्यालाच बाहेर ठेवायचं?"

कवायतीचे सर परत येऊन बसले.

अखेर भाईसाहेब स्वतः आले. डोक्यावर छत्री, मागं हेडमास्तर. गडग्यापाशी थांबून म्हणाले, "बाई, ही शाळा मी उभी केली."

"होय, भाईसाहेब. तुमच्याशिवाय ती झालीच नसती." बाई उठल्या. "म्हणून तर तुमच्याकडंच बसायला जागा मागतोय. या, बसा."

आणि त्यांनी आपला चिरा पुढं केला. भाईसाहेब गडगा ओलांडून आले. आता इथून पुढं गावात दोन तऱ्हा सांगतात. बायाबापड्या म्हणतात, भाईसाहेबांनी बसायच्या आधी हात लावून पाहिला, तर तापल्या कातळावरचा तो चिरा विहिरीच्या काठासारखा गार होता. देवीनं बाईंची लाज राखली. शाळेतले विज्ञानाचे सर म्हणतात, बाई नुकत्याच उठल्या होत्या, चिरा त्यांच्या सावलीत होता. काही असो, भाईसाहेबांनी हात काढून घेतला नाही. छत्री मिटली, आणि ते मास्तरांच्या मधोमध बसले. बराच वेळ बसले. उठताना एवढंच बोलले, "मिरगळांना सांगा, उद्या या. आणि तुमची माणसं तुम्ही निवडा."

तिथंच हात वर करून समिती निवडली गेली. दुसऱ्या दिवशी मिरगळ सर वर्गात आले, आणि गुरवबाई खुर्चीत बसल्या. बसल्याबसल्या त्यांना रडू आलं, म्हणे, आणि मुलांनी विचारलं तर म्हणाल्या, पाय दुखत होते रे.

पाष्टे सर मात्र आले नाहीत. नोकरी होती तोवर कधीच आले नाहीत. निवृत्त झाले त्या संध्याकाळी, गळ्यातला हार हातात घेऊन, ते एकटेच सड्यावर गेले आणि त्या रिकाम्या चिऱ्याजवळ उभे राहिले. बसावं की नाही, त्यांना ठरेना. शाळेतून गुरवबाईंनी पाहिलं. त्या गेल्या, आपल्या चिऱ्यावर बसल्या, आणि काही न विचारता थोड्या बाजूला सरकल्या. तेव्हा ते बसले.

आजही या शाळेची समिती चैत्रात इथं येऊनच निवडतात. शाळेत पंखे आहेत, सभागृह आहे, तरी इथंच. आणि बोलणं सुरू होण्याआधी एक जण उठून, जो आलेला नाही त्याच्यासाठी राखलेल्या चिऱ्यावरची धूळ हातानं पुसतो.