अकरा दुकानं, एक गाठ

“मग बाबा, बाजार मोकळा केला की नाही मी?”

सबनीससाहेब हे तिसऱ्यांदा विचारत होते. जिल्ह्याच्या कचेरीतले मोठे अंमलदार. वाकलं तर इस्त्री मोडेल, म्हणून दर्ग्याच्या पायरीवरही ताठ बसलेले.

शेजारी आंधळा नूरशा फकीर तसबीचे मणी ओढत राहिला...

“आधी फुलांच्या दुकानांचा ठेका एकट्या खंडू ठेकेदाराकडं. मी तो मोडला. अकरा पक्के गाळे, अकरा परवाने. आता परवडेल तिथून घ्या. सरकारनं एवढं केलं की पुढं बाजार आपला आपण चालतो.”

“हातात कागद कसला फडफडतोय?”

म्हाताऱ्याचे कान तिखट होते.

“हलीमाबीची तक्रार. तिला पूर्वीसारखी फुलांची टोपली घेऊन पायरीवर बसायचंय. पक्का गाळा नाही तर परवाना नाही, नियम आहे. आत्ताच निकाली काढतो.” साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

“काढा की. पण आधी आंधळ्याला तीन हार आणा. तीन दुकानांतले. स्वस्त बघून.”

साहेब खुशीत गेले. पहिल्या दुकानात भाव विचारला. दुसऱ्यात तोच. पाचव्यात तर यांनी तोंड उघडायच्या आतच दुकानदार म्हणाला, “तोच.” रास्त भाव म्हणतात तो हाच, असं समजून साहेबांनी तीन वेगळ्या नावांच्या पाट्या नीट वाचल्या आणि तीन हार घेतले.

नूरशानं फुलांना हात लावला नाही. दोऱ्याच्या गाठी चाचपल्या. एक... दोन... तीन.

“हलीमाचा हात.”

“कोणत्या हाराला?”

“तिन्ही. डावरी आहे, गाठीला उलटा पीळ देते. अकराही दुकानं खंडूचीच, साहेब. पाट्यांवर मेव्हणे नि भाचे. हलीमा मागं पत्र्याखाली बसून त्यांचे हार ओवते. टोपली होती तेव्हा खंडूच्या निम्म्या भावात द्यायची.”

साहेबांचा चेहरा उजळला. “म्हणजे काम मिळालं की तिला.”

नूरशा इतका हसला की खोकला आला.

“मिळालं.”

साहेबांचा उजेड हळूहळू मावळला. पेन हातातच राहिलं.

“एका घराला एकच गाळा, असा नियम काढू?”

“काढा. आठ दिवसांत खंडूची अकरा घरं होतील.”

“मग सगळेच नियम उठवू?”

“उठवा. खंडूची माणसं पायरी भरून टाकतील.”

“मग... नुसती ती टोपली बसू दिली तर?”

नूरशानं पहिल्यांदा त्यांच्याकडं तोंड वळवलं.

साहेबांनी कागद पाहिला. हलीमाबीचा अंगठा. खाली अकरा दुकानदारांच्या हरकती. सोबत जोडलेला नियम, आणि त्याखाली त्यांची स्वतःची ऐटदार सही. टोपली बसवायची म्हणजे ही सही चुकली, असं आपल्याच हातानं लिहायचं.

“वर कळवतो मी,” साहेब पुटपुटले. कागदावर ‘निकाली’ लिहिलं आणि टोपण लावलं.

पेनाचा आवाज नूरशानं ऐकला. चाचपडत उठून त्यानं तिन्ही हार साहेबांच्या गळ्यात घातले.

“हे कशाला, बाबा?”

“जिंकल्यावर घालतात.”

“कोण जिंकलं?”

“अकरा दुकानं आहेत, साहेब. आवडेल तिथं विचारा.”