डोंगराकडे रोखलेली तबकडी

एकदा एक वयोवृद्ध हौशी रेडिओतज्ज्ञ एका टेकडीवर राहत असत. त्यांना शिष्य दोन. थोरला आठ वर्षे त्यांच्यापाशीच राहिलेला. धाकटा वर्षभर शिकून आठ महिन्यांपूर्वी आपल्या गावी परतलेला. ते गाव दोनशे किलोमीटर दूर, डोंगररांगेपलीकडे. गुरुजींची अँटेनाची एक तबकडी होती, स्वहस्ते घडवलेली. तिच्यातून सूक्ष्मलहरींवर आवाज दूरवर पाठवता येई. यंदा ते ती एका शिष्याला देणार होते, आणि थोरल्याने ती मनातल्या मनात केव्हाच आपली मानली होती.

धाकट्याचे निरोप थोरल्याच्या मोबाइलवर येत : "दादा, आज चारला रेडिओवर बोलू या?" थोरला ते वाचून सोडून देई. कालच्या पोराला काय उत्तर द्यायचे!

अशात बातमी आली. धाकट्याने आपल्या खोलगट शेतातून सव्वातीनशे किलोमीटरवरच्या एका रेडिओ केंद्राशी संभाषण करून विक्रम केला. थोरल्याच्या पोटात दुखू लागले, आणि या दुखण्यावर ओवा चालत नाही.

"कानामागून आला नि तिखट झाला," तो गुरुजींना म्हणाला. "माझ्याकडे टेकडी, त्याच्याकडे खड्डा. तुम्ही त्याला काहीतरी वेगळं शिकवलंत."

"उद्या चारला तू त्याच्याशीच बोल," गुरुजी म्हणाले. "मी त्याला कळवतो."

दुसऱ्या दिवशी थोरल्याने नकाशावर रेघ मारून तबकडी नेमकी धाकट्याच्या गावावर रोखली. गुरुजी आले. त्यांनी नट सैल केला, तबकडी जराशी डावीकडे वळवली, थोडी वर उचलली आणि आत निघून गेले. आता समोर नुसते रिकामे आकाश! थोरल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. आताही त्याचीच बाजू, माझा नेम मुद्दाम बिघडवला, असे म्हणत त्याने तबकडी पुन्हा गावावर आणली.

चार वाजले. थोरला हाका मारून थकला. उत्तरादाखल फक्त खरखर. मग मोबाइल वाजला.

"दादा, मी माझी तबकडी विमानाकडे धरून बसलो होतो. तुमचा आवाजच आला नाही. माझं काही चुकलं का?"

गुरुजी दारात उभे होते.

"विमानाचं मी तुला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं," ते म्हणाले. "त्याला वेगळं काही शिकवलं नाही. या लहरी सरळ जाणाऱ्या. तू त्याच्यावर नेम धरलास, पण मध्ये डोंगर आहे. दोघांनी वरच्या एकाच विमानाकडे तोंड केलं, तर विमानाला आपटून तुझा आवाज त्याच्याकडे जातो, त्याचा तुझ्याकडे येतो. तेही मिनिटभर. तुला हे ठाऊक होतं, बाळा. पण मत्सराने पछाडलेला माणूस समोरच्या माणसावरच नेम धरतो आणि डोंगराला धडकतो. आता पावणेपाचला दुसरं विमान आहे."

पावणेपाचला थोरल्याने तबकडी रिकाम्या आकाशाकडे धरली. खरखरीतून एक आवाज वर आला.

"दादा! ऐकू येतंय का?"

"येतंय. स्वच्छ येतंय." थोरला म्हणाला. "अरे, तुझा तो विक्रम... अभिनंदन करायचं राहिलं."

"तो चुकून झाला, दादा. रोज चारला मी तुम्हालाच हाक मारत होतो. आठ महिने. त्या दिवशी भलत्यानेच ओ दिली."

थोरल्याने बोलायची कळ दाबली. पण विमान पुढे निघून गेले होते. उरली ती खरखर. थोरल्याला स्वतःची लाज वाटली.

"गुरुजी, यानंतरचं विमान कधी?"

"सव्वापाचला."

त्याने खुर्ची तबकडीजवळ ओढली. ती तबकडी शेवटी कोणाला मिळणार, हे विचारायचे त्याच्या ध्यानातही राहिले नाही.