पाळ अभंग

फार पूर्वी कुमुदपुरात दृढवर्मा राजाची सत्ता होती. त्या काळी बोधिसत्त्वाने तिथल्या एका पहारेकऱ्याच्या घरी जन्म घेतला होता. त्याचे नाव सारंग.

नगराच्या वरच्या अंगाला, माळावर, चहूबाजूंनी मातीची पाळ घालून बांधलेला एक प्रचंड तलाव होता. पाळीवर ठिकठिकाणी बुरूज होते आणि प्रत्येक बुरुजावर एक पहारेकरी. सकाळी पहिला पहारेकरी शिंग फुंकून ओरडे, "पाळ अभंग!" त्याचे ऐकून दुसरा ओरडे, दुसऱ्याचे ऐकून तिसरा. अशी ती हाक तलावाला वळसा घालून पुन्हा पहिल्यापाशी येई. संध्याकाळीही तसेच. हाक पुरी झाली की नगरातली दुकाने उघडत आणि चुली पेटत. जो हाक मोडील त्याला देशोधडीला लावावे, असा नियम होता. हाकेवर लोकांची इतकी श्रद्धा की मान वर करून पाळीकडे कोणी पाहतसुद्धा नसे. पाहायचे कशाला? हाक झाली ना!

पाळीच्या पायथ्याशी केतकीचे दाट बन माजले होते. ते देवीचे बन, तिथे पाऊल टाकायचे नाही, असे सगळे मानत.

एका वर्षी पावसाळ्यात तलाव काठोकाठ भरला. सारंगच्या बुरुजाखाली, बनाला लागून, कुंभारांची वस्ती होती. तिथली तिलका नावाची कुंभारीण एके दिवशी बुरूज चढून वर आली.

"सारंगदादा, एक विचारू? हसू नका हं. माझी भट्टी पेटेनाशी झालीय. जमिनीतून ओल वर येतेय."

"पावसाची असेल गं."

"सगळे तेच म्हणतात. पण भट्टीवर छप्पर आहे हो, पाऊस आत शिरेल कुठून? जाऊ दे. तुम्ही रोज ओरडता पाळ अभंग म्हणून. तुम्ही बघूनच ओरडत असाल ना?"

एवढे विचारून ती बिचारी खाली उतरून गेली. सारंग मात्र जागच्या जागी खिळला. आपल्याला कसे कळते? शेजारचा ओरडतो म्हणून. शेजाऱ्याला कसे कळते? त्याच्या शेजारचा ओरडतो म्हणून. मग पाहतो कोण? भीती वाटली हे तर खरेच, पण बंद खोलीची खिडकी एकाएकी उघडावी तसा एक विलक्षण आनंदही त्याला झाला.

दुसऱ्या सकाळी हाक त्याच्यापर्यंत आली. त्याने शिंग ओठांशी नेले आणि खाली ठेवले.

असे कधीच झाले नव्हते! पुढचे बुरूज गप्प झाले. दुकानांच्या अर्ध्या उघडलेल्या फळ्या तशाच राहिल्या. हां हां म्हणता सगळे नगर रस्त्यावर आले आणि शिपायांनी सारंगला धरून राजसभेत उभे केले.

"तुला हाक ऐकू आली नाही?" राजाने विचारले.

"आली, महाराज. हाक आली एवढे मला ठाऊक आहे. पाळ अभंग आहे की नाही ते ठाऊक नाही. जे ठाऊक नाही ते कसे ओरडू?"

राजाने सगळ्या पहारेकऱ्यांना बोलावले आणि एकेकाला विचारले, पाळ धड आहे हे तुला कशावरून कळते? जो तो आपल्या आधीच्याकडे बोट दाखवू लागला. शेवटी पहिल्याची पाळी आली. "तू तर सगळ्यांच्या आधी ओरडतोस. तुला कशावरून कळते?"

पहिल्याने डोके खाजवले. "काल संध्याकाळी शेवटच्याची हाक ऐकली होती, महाराज."

सभेत कोणीतरी फिसकन हसले. मग त्या उत्तराचा अर्थ सगळ्यांच्या ध्यानात आला आणि हसू विरून गेले. इतकी वर्षे नुसता शब्दच शब्दाला धरून गोल फिरत होता.

तेवढ्यात आचार्य पिंगल उठले. सगळ्या गोष्टींवर शंका घेणे हा त्यांचा उद्योग होता, आणि आज त्यांचा चेहरा नुसता फुलून आला होता.

"मी इतकी वर्षे काय सांगतो आहे? डोळ्यांना मृगजळात पाणी दिसते. कानांना प्रतिध्वनीत माणूस ऐकू येतो. माणसाला काहीही जाणता येत नाही! पाळ धड आहे हेही कळायचे नाही आणि फुटली आहे हेही कळायचे नाही. तेव्हा स्वस्थ बसावे हेच बरे."

सभासदांना हे एकदम पटले. बसून राहायचे म्हटल्यावर कोणाला पटणार नाही?

सारंग म्हणाला, "आचार्य, मृगजळ हे पाणी नव्हे, हे आपल्याला कसे कळले?"

"कसे म्हणजे? जवळ जाऊन पाहिले की..." आचार्य बोलून गेले.

"मग चला ना जवळ!" सारंग जवळजवळ ओरडलाच. "एकदा डोळा चुकला तर दुसऱ्यांदा पाहू. माझा चुकला तर तुमच्याने पाहू. पण चला!"

आणि काय सांगावे, राजा सिंहासनावरून उठून चालू लागला. त्याच्यामागे सभा आणि सभेमागे सगळे नगर. केतकीच्या बनापाशी मात्र सगळे थबकले. सारंगने मनोमन देवीला हात जोडले आणि काट्यांत शिरला. हातापायांवर ओरखडे उमटले. त्याच्या मागोमाग राजा आणि आचार्यही शिरले. आत, पाळीच्या पायथ्याशी, पाणी झुळझुळत होते.

"फुटली!" राजा किंचाळला.

"महाराज, एवढ्यात नको. पावसाचेही असेल."

"आणि पावसाचे की तलावाचे," आचार्य मागून म्हणाले, "ते कोणाच्या बापाला कळायचे नाही."

"कळेल की. रंगाऱ्यांना बोलवा! मंजिष्ठेच्या लाल रंगाचे रांजण वर न्या. तलावात या जागेच्या वरच पाने गरागरा फिरताना बुरुजावरून दिसतात, तिथे ओता. पाणी पावसाचे असेल तर आहे तसेच राहील. तलावाचे असेल तर लाल होईल. लाल झाले नाही तर मी चुकलो, मला खुशाल देशोधडीला लावा."

रांजण रिकामे झाले. खाली राजा उकिडवा बसला. आचार्य गुडघ्यांवर ओणवे झाले. त्यांच्या उपरण्याचे टोक चिखलात भिजत होते, पण भान कोणाला! ऊन डोक्यावर आले तरी पाणी जसेच्या तसे. शिपाई सारंगकडे पाहू लागले. सारंगची नजर पाण्यावरून हलत नव्हती.

"लाल!" आचार्य पिंगलच सगळ्यांच्या आधी ओरडले. "अहो, लाल! बघा, बघा, लाल आले!"

"नक्की ना, आचार्य?" राजाने विचारले.

"वाद उद्या घालू, महाराज! आधी माती आणा!"

मग जी धावपळ उडाली ती काय वर्णावी! कुंभारांची पोरेबाळे उंचावर हलवली. सांडव्याची दारे उघडली. सावकारांनी टोपल्या उचलल्या, पुजाऱ्यांनी दगड वाहिले. तिलकाने भांड्यांसाठी मळून ठेवलेली सगळी चिकणमाती आणली. सारंग दोर बांधून तलावात उतरला आणि फिरत्या पानांखालचे भोक त्या मातीने लिंपत राहिला. धार बारीक झाली, थेंबांवर आली आणि दिवस मावळायच्या आत थांबली. तिलका भट्टीपाशी मटकन बसली आणि रडू लागली.

राजाने सारंगला मिठी मारली. "आजपासून सारंग म्हणेल तेच प्रमाण!"

लोकांनी जयजयकार केला. सारंगने हात जोडले. "महाराज, तसे केलेत तर मी आज हाक मोडली ती फुकट गेली. उद्या माझे ऐकून तुम्ही ओरडाल, आणि माझेही डोळे चुकणारेच आहेत. त्यापेक्षा प्रत्येकाने रोज आपापल्या बुरुजाखाली उतरावे, पायथा हाताने चाचपावा आणि मगच ओरडावे. आणि कोणीही वाटसरूने पहारेकऱ्याला म्हणावे, तळवा दाखव."

तेव्हापासून कुमुदपुरात पहारेकऱ्याच्या तळव्याला पायथ्याची माती लागलेली नसेल तर त्याची हाक कोणी हाक मानीत नसे. पहिल्या सकाळी राजा स्वतः खाली उतरला.

ही कथा सांगून भगवान शास्ता भिक्षूंना म्हणाले, "भिक्षूंनो, ऐकलेले सगळे खरे मानणारा हा सुरथ तेव्हा राजा दृढवर्मा होता. कशावरच विश्वास न ठेवणारा हा पिंडिल तेव्हा आचार्य पिंगल होता. आज सकाळी भिक्षा वाढताना 'हे तुम्हाला कसे कळले?' असे ज्या उपासिकेने मला विचारले, ती तिलका होती. आणि पहारेकरी सारंग मीच होतो. शंकेने माणसाला बसवू नये, उठवून पाहायला न्यावे. हीच प्रज्ञा."

सुरथाचे डोळे भरून आले. तो हात जोडून म्हणाला, "भगवन्, आपण म्हणालात, म्हणजे हे खरेच असणार."

शास्ता हसले. "सुरथा," ते म्हणाले, "तळवा दाखव."