हातोडा उसळला तिथं

"मग अहवालावर सही का करत नाही तुम्ही?"

विश्रामचा आवाज एवढा चढला, की बागेतल्या बाकावर बसलेल्या दोन बायका वळून पाहू लागल्या.

दिगंबरपंत हलले नाहीत. बांधकामाआधी जमीन तपासण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. विश्रामला हे काम शिकवलं त्यांनीच. बागेतल्या ओढ्यावरचा साकव एका अंगानं खचला होता. नवा बांधण्याआधी दोन्ही काठांना भोकं पाडून खालची जमीन पाहायची होती. विश्रामचं एकट्यानं केलेलं हे पहिलंच काम.

"डाव्या काठाला बारा फुटांवर थांबलास."

"खडक लागला, पंत. हातोडा उसळला. पन्नास ठोके घातले, नळी बोटभर आत जाईना."

"त्याच्याखाली काय आहे?"

"खडकाखाली काय असणार? खडकच."

"पाहिलंस?"

विश्रामची कानशिलं तापली. "मशीन आज परत जातंय. अहवाल आज दिला नाही तर काम दुसऱ्याला जाईल. तुमची चतुर्थी आहे, म्हणून माझ्यावर राग काढताय."

"उपास पोटाला आहे. डोळ्यांना नाही."

पंत काठी टेकत ओढ्यात उतरले. कडेला गोल गोल धोंडे पडले होते, एकेक बैलाएवढा.

"हे इथलेच?"

"नाही. पुरात टेकडीवरून आलेत."

"आणि जे गाळात बुडाले, ते?"

"असा संशय घेत बसलो तर एक साकव उभा राहायचा नाही," विश्राम फणकारला. "हातोडा उसळला की खडक. तुम्हीच शिकवलंत."

पंत वर आले. बोटाचं पेर त्यांनी विश्रामच्या कपाळावर ठक्कन आपटलं.

"इथंही उसळतंय. आत सगळा खडकच, असं लिहू?"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. विश्रामला वाटलं, अहवाल टराटरा फाडावा आणि निघून जावं.

त्यातली म्हातारी उठली, आडवी बांधलेली दोरी वर करून साकवावर चढली. फळी करकरली.

विश्राम धावला. हाताला धरून त्यानं तिला मागं आणलं. "बंद आहे हा, आजी. पाटी दिसत नाही?"

"पलीकडे देवीला दिवा लावायचाय रे. नवा तू बांधतोयस ना? त्याच्यावरून रोज जाईन."

विश्रामनं डाव्या काठाकडे पाहिलं.

मग त्यानं फोन काढला. "मशीन उतरवून ठेवा. आज जायचं नाही."

पंतांकडे न पाहता, घुश्शातच त्यानं विचारलं, "किती खोल जाऊ? तेवढं तरी सांगा."

"बैलाएवढ्या धोंड्याच्या दुप्पट. तेवढ्यात मऊ लागलं नाही, तर खडक लिही."